पिल्लू आणायचं की मोठा कुत्रा दत्तक घ्यायचा? आधी घर तपासा, मग ठरवा

घरात कुत्रा हवा हे ठरलं की पहिला प्रश्न निघतो जातीचा. लॅब्राडोर की जर्मन शेफर्ड? दुसरा निघतो किमतीचा. वयाचा प्रश्न कुणी काढतच नाही, कारण कुत्रा आणायचा म्हणजे पिल्लूच, हे गृहीत धरलेलं असतं. मग काही महिन्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो: ‘चांगल्या घरी द्यायचा आहे, सगळ्या लसी झाल्या आहेत.’ त्या फोटोतल्या कुत्र्याचं वय विचारा. बहुतेकदा ते सहा महिने ते दीड वर्ष या दरम्यान निघतं. गोंडसपणा सरला, दांडगाई सुरू झाली आणि घरच्यांचा दम संपला.

चूक कुत्र्यात नसते, क्रमात असते. आधी कुत्रा, मग डॉक्टर, मग घराची व्यवस्था, असं उलटं चालतं. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिल्या तीन होईपर्यंत एकही पिल्लू ‘नुसतं बघायला’ जाऊ नका. पोट्टे सोबत असतील तर मुळीच नाही. पिल्लू मांडीवर बसलं की निर्णय झालेला असतो, आपण नंतर फक्त कारणं शोधतो.

## पायरी १: घराचं वेळापत्रक कागदावर उतरवा

एक कागद घ्या. सकाळी सहा ते रात्री अकरा, घरात कोण कधी असतं ते तासागणिक लिहा. रविवारचं नाही, मंगळवारचं लिहा. नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातली शिफ्ट, शाळेची व्हॅन, शिकवणी, आईचं भजनी मंडळ, सगळं त्यात यायला हवं. मग घर सलग रिकामं राहतं असा सगळ्यात मोठा तुकडा शोधा.

दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त लघवी रोखू शकत नाही. साधारण हिशेब असा की वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. तेही जास्तीत जास्त. शिवाय तीन-चार वेळा खाणं, प्रत्येक खाण्यानंतर आणि प्रत्येक झोपेनंतर लगेच शी-शूच्या जागी नेणं, रात्रीतून एक-दोनदा उठणं. तब्येतीने ठणठणीत मोठा कुत्रा दोन वेळच्या जेवणावर आणि दोन-तीन फेऱ्यांवर राहतो, सहा-सात तास एकटा झोपून काढतो.

म्हणून सरळ नियम लावा. पुढच्या चार महिन्यांत घर रोज सलग चार तासांहून जास्त रिकामं राहणार असेल तर पिल्लाचा विषय इथेच बंद. पुढच्या पायऱ्या मोठ्या कुत्र्याच्या हिशेबाने वाचा.

तपासा: ‘आई-बाबा घरीच असतात ना’ हे उत्तर चालणार नाही. त्यांना समोर बसवून विचारा: दिवसातून आठ-दहा वेळा फरशी पुसणं जमेल का? गुडघे दुखत असतील तर पायात घुटमळणारं पिल्लू पडण्याचं कारण ठरतं. धक्का देईल इतका अंगापिंडाने दांडगा मोठा कुत्राही अशा घरात नको. तीन-चार वर्षांचा, मध्यम बांध्याचा, शांत कुत्रा त्यांना जास्त झेपतो.

## पायरी २: कॅलेंडर उघडा

ही पायरी नागपुरात टाळता येत नाही आणि नेमकी हीच टाळली जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, सिमेंटचे रस्ते रात्री उशिरापर्यंत तापलेले असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो. लहान पिल्लाला तेही नीट साधत नाही.

आता गणित करा. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना मिळते. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास येते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन आठवडे उलटेपर्यंत त्याला रस्त्यावर, इतर कुत्र्यांच्या वासाच्या जागी उतरवायचं नसतं. दुसरीकडे, माणसं, आवाज, गाड्या यांची भीती मोडायचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. म्हणजे त्याला कडेवर घेऊन जग दाखवायचं, पण जमिनीवर ठेवायचं नाही. तिसरी गोष्ट दातांची. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात आणि त्या काळात पिल्लू सापडेल ते चावतं.

मार्चमध्ये आठ आठवड्यांचं पिल्लू आणलं तर लसी मेमध्ये संपतात. बाहेर काढायची मुभा मिळते तेव्हा नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले दिवस) सुरू असतो, आणि दात येण्याचा, म्हणजे वायरी कुरतडण्याचा, काळ बरोबर कूलर चालू असण्याच्या काळात पडतो. त्यातच लग्नसराई, निम्मं घर गावाला.

तेच पिल्लू डिसेंबरच्या शेवटी आणलं तर फेब्रुवारीअखेर लसी पूर्ण होतात, मार्चच्या सकाळी फिरायला मिळतं आणि कूलर खिडकीत बसेपर्यंत दातांचा उपद्रव बराच ओसरतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लंही हिवाळ्याच्या सुमारास जास्त दिसतात, त्यामुळे दत्तक घेणाऱ्यांना निवडही मिळते. फक्त रात्रीच्या थंडीची सोय करा. गोणपाटावर जुनी चादर पुरते.

दिवाळीच्या आधी पिल्लू आणू नका. आठ-दहा आठवड्यांच्या वयात बसलेली फटाक्यांची धास्ती जन्मभर राहू शकते. तुळशीचं लग्न आटोपू द्या.

मोठ्या कुत्र्याला लसींचं हे वेळापत्रक आडवं येत नाही, त्यामुळे त्याला जवळजवळ कधीही आणता येतं. अपवाद दोन: ऐन मे, आणि गणपती किंवा दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. नवीन घरात आलेला कुत्रा डीजे-फटाक्यांच्या आवाजाने दार उघडं दिसताच पळतो, आणि परतीची वाट त्याला ठाऊक नसते.

इशारा: पग, फ्रेंच बुलडॉग यांसारखी चपट्या नाकाची, किंवा हस्की, सेंट बर्नार्डसारखी दाट केसांची कुत्री विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी नाहीत. ‘आमच्याकडे एसी आहे’ म्हणणाऱ्यांनी दुपारी चार तास वीज गेल्यावर काय करायचं, याचं उत्तर आधी तयार ठेवावं.

## पायरी ३: घर पिल्लाच्या उंचीवरून बघा

जमिनीवर बसा. खरोखर बसा. तिथून काय दिसतं?

नागपुरात पहिला धोका कूलरचा. पंपाची वायर टाकीच्या कडेवरून लोंबत असते, खाली पाणी सांडलेलं असतं, ओलसर फरशीवर गार वाटतं म्हणून कुत्रा तिथेच पसरतो. दात शिवशिवणारं पिल्लू ती वायर दोन मिनिटांत कुरतडतं. वायर पाइपातून घ्या, प्लग उंचावर न्या, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घरात लहान मुलं असतील तर हे तसंही करायलाच हवं.

दुसरं, फाटक. बेसा-मानेवाड्याकडच्या घरांच्या लोखंडी फाटकाखाली बहुधा वीतभर फट असते. पिल्लू त्यातून सहज निघतं. मोठ्या कुत्र्यासाठी कंपाउंडची उंची मोजा. गावठी कुत्रा अंगाने सडपातळ आणि उडीला पक्का, चार फुटांची भिंत त्याला फार नाही.

तिसरं, कागद. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. तरीही शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं. नियम आपल्या बाजूचा असला तरी जिन्यात रोज भेटायचं त्यांच्याशीच असतं.

तपासा: गेल्या वर्षभरात या घरात किंवा अंगणात पार्वोने (पिल्लांना उलट्या-हगवण लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूने) एखादं पिल्लू गेलं आहे का? हा विषाणू जागेवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरेलच याचा भरवसा नाही. उत्तर ‘हो’ असेल तर नवीन पिल्लू नको. लसी पूर्ण झालेला मोठा कुत्राच घ्या. इथे तडजोड नाही.

## पायरी ४: आता ठरवा

तिन्ही पायऱ्यांची उत्तरं समोर ठेवा. पिल्लाच्या बाजूने तीन गोष्टी एकत्र हव्यात: दिवसभर घरात एक धडधाकट माणूस, नोव्हेंबर ते जानेवारीतली सुरुवात, आणि पहिल्या चार महिन्यांत मोठा प्रवास किंवा लग्नकार्य नाही. यातली एक जरी नसेल तर मोठा कुत्रा.

लोकांना मोठ्या कुत्र्याबद्दल एकच शंका असते: ‘तो आपला होईल का?’ होतो. ज्याने खायला दिलं, फिरवलं आणि ओरडलं नाही, त्याच्या पायाशी तो महिनाभरात झोपायला लागतो. उलट त्याचा आकार, स्वभाव आणि खोड्या आज डोळ्यांसमोर असतात. पिल्लाच्या बाबतीत तुम्ही अंदाजावर घेता, मग ते कितीही महागाचं असो.

पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरांत ‘मुलासोबत पिल्लू वाढेल’ ही कल्पना फार आवडीची. प्रत्यक्षात पिल्लाचे दात सुईसारखे असतात आणि मूल किंचाळून पळालं की पिल्लाला तो खेळ वाटतो. मुलांची सवय असलेला तीन-चार वर्षांचा कुत्रा अशा घरात कितीतरी सोपा.

आणि ‘जोडी बरी’ म्हणून एकाच वेतातली दोन पिल्लं उचलू नका. ती एकमेकांतच गुंततात आणि तुमचं ऐकेनाशी होतात.

## पायरी ५-अ: पिल्लू घ्यायचं ठरलं तर

वय दातांवरून ओळखा. विकणारा ‘दोन महिन्यांचं आहे’ म्हणतो. ओठ हळूच वर करून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे दात जवळपास सगळे आलेले असतात. पुढचे दात नुकतेच हिरडीतून डोकावताना दिसले तर ते जेमतेम महिन्याचं आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर उठा.

आईला बघा. पिल्लू जिथे जन्मलं तिथेच जाऊन बघा. चौकात बास्केट घेऊन आलेल्या माणसाकडून घेऊ नका. आई अंगावर येते की शेपूट हलवते, तिचं अंग कसं आहे, जागा किती स्वच्छ आहे, यावरून निम्मं कळतं.

मग पिल्लू. डोळे-नाक कोरडे, हिरड्या गुलाबी, शी घट्ट. पोट ढोलासारखं टम्म असेल तर जंतांची शक्यता. कोपऱ्यात निपचित बसलेलं पिल्लू दया येते म्हणून उचलायचं असेल तर ते दवाखान्यात नेण्यासाठी उचला, पाळण्यासाठी नंतर बघू. लसींच्या कार्डावर बाटलीचा स्टिकर, तारीख आणि डॉक्टरची सही हवी. नुसती पेनाने मारलेली टिकली म्हणजे लस नव्हे.

इशारा: रस्त्यावरून उचललेलं पिल्लू चावलं, नखाने ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणू नका. रेबीज पिल्लालाही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

## पायरी ५-आ: मोठा कुत्रा घ्यायचं ठरलं तर

एका भेटीत हो म्हणू नका. किमान दोनदा जा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. शेल्टरमध्ये शंभर कुत्र्यांच्या कालव्यात भुंकणारा कुत्रा घरी मवाळ निघतो, आणि तिथे गप्प बसलेला कधीकधी नुसता घाबरलेला असतो. शक्य असेल तर कुणाच्या घरी तात्पुरता सांभाळलेला कुत्रा निवडा. सांभाळणाऱ्याला त्याच्याबद्दल ज्या गोष्टी माहीत असतात, त्या कुठल्याही कार्डावर नसतात.

त्यांना नेमकं विचारा. ‘चावतो का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘नाही’च येतं. त्यापेक्षा हे विचारा: ताटात तोंड असताना जवळून कुणी गेलं तर काय करतो? स्कूटीमागे धावतो का? लिफ्टमध्ये शिरतो का? एकटं ठेवल्यावर दार ओरबाडतो का? आधीच्या घराने का सोडला?

मग स्वतः पट्टा हातात घ्या आणि दहा मिनिटं चाला. वाटेत थांबा, बसा, त्याला जवळ येऊ द्या. कान आणि पंजे हळूच हाताळून बघा. मान आक्रसून डोळ्यांचं पांढरं दाखवत असेल तर तिथेच थांबा. ताटात हात घालून ‘परीक्षा’ घेऊ नका. अशाने चांगला कुत्राही चावतो, आणि मग दोष त्याच्या माथी.

कानाचं टोक कापलेलं असेल तर नसबंदी झाली आहे असं समजायला हरकत नाही. पण तेवढ्यावरून यंदाची रेबीजची लस झाली असं धरू नका. तिचं कार्ड वेगळं बघा. गल्लीतलाच ओळखीचा कुत्रा घरात घ्यायचा असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात रीतसर विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटके कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा आहे, आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे दिवसा घरात, रात्री गल्लीत, ही आपली जुनी पद्धत यात बसत नाही.

## पायरी ६: घरी आणण्याआधी डॉक्टर

हा क्रम बहुतेक जण उलटा करतात: आधी घरी आणून पाहुण्यांना दाखवणं, आठवड्याने दवाखाना. आणायच्या दिवशी वाटेतच दवाखान्यात जा. नेहमीचा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. ओपीडीची वेळ आधी विचारून निघा.

तिथे पिल्लाला जमिनीवर सोडू नका, मांडीवरच ठेवा. आजारी कुत्री येतात ती याच जागी. जंताचं औषध, लसींच्या पुढच्या तारखा आणि गोचिडांचा उपाय, हे तिन्ही लिहून घ्या. मोठ्या कुत्र्याची रक्ततपासणी मागा. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे नेहमीचा आहे. बाहेरून ठीक दिसणाऱ्या कुत्र्यातही तो दबून असू शकतो आणि नंतर ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त अशा रूपात वर येतो. त्याच फेरीत कुत्र्याच्या महापालिकेतल्या नोंदणीचंही विचारून टाका, म्हणजे तिथे गेल्यावर कागदांसाठी पुन्हा दवाखान्याची चक्कर पडत नाही.

## पायरी ७: पहिले दहा दिवस

घरात शिरताना क्रम असा: आधी शी-शूची जागा, मग पाणी, मग एकच खोली. संपूर्ण घर पहिल्या दिवशी दाखवायचं नाही. नातेवाईक, शेजारी, केक, सेल्फी हे सगळं पुढच्या रविवारी.

मोठ्या कुत्र्याला पहिल्या आठवड्यात कॉलर आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्हीला दोरी लावूनच बाहेर न्या. कॉलरवर तुमचा मोबाइल नंबर पहिल्या दिवसापासून हवा. दत्तक कुत्रे हरवतात ते बहुतेक याच दिवसांत. गॅसवाला येतो, दार अर्धवट उघडं राहतं, संपलं. पहिले तीन दिवस तो जेवला नाही, कोपऱ्यातून उठला नाही, तरी मागे लागू नका. पाणी पितोय ना, एवढं बघा. साधारण तीन आठवड्यांनी घराची लय कळते आणि खरा स्वभाव दिसायला तीनेक महिने लागतात. खोड्याही तेव्हाच दिसतात.

पिल्लाला मात्र जेवण चुकणं परवडत नाही. ते खात नसेल, सोबत उलटी किंवा पातळ, रक्ताळ शी असेल, तर सकाळची वाट बघू नका. पार्वो एका रात्रीत हाताबाहेर जातो.

खाणं बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू बदला. कांदे-पोहे, तर्री, सावजीचा रस्सा ताटातून खाली जाता कामा नये. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना मारक असतो. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही नको. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, ती तर नकोच. आजी लाडाने काय भरवते यावर लक्ष ठेवा. या घरगुती कायद्याचं पहिलं उल्लंघन तिथूनच होतं.

तपासा: बाहेर नेण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. एप्रिल-मेमध्ये फेरी सूर्य वर यायच्या आत आणि रात्री जेवणं झाल्यावर. जीभ गडद लाल, लाळ चिकट आणि चालताना झोक जायला लागला तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि लगेच दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

## जमतच नसेल तर

तीन महिने प्रामाणिकपणे देऊनही जमलं नाही, असं होऊ शकतं. दत्तक घेतानाच लिहून घ्या की कुत्रा परत द्यायचा झाल्यास तो ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडेच जाईल. ब्रीडरकडून घेतला असेल तर पैसे परत मिळतील ही आशा सोडा, पण जागा मिळेल का हे आधीच विचारून ठेवा. नवीन घर शोधताना खोड्या लपवू नका. ‘फार शांत आहे’ म्हणून दिलेला कुत्रा आठवड्यात परत येतो. ‘स्कूटीमागे धावतो, बाकी बरा’ म्हणून दिलेला टिकतो. अंबाझरी तलावाच्या कडेला किंवा हिंगणा रोडवर सोडून येणं हा पर्याय यादीतच नाही. प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. नवीन घर पक्कं झालं की लसींचं कार्ड, नसबंदीचा कागद, त्याची चादर आणि चार दिवसांचं त्याचं नेहमीचं खाणं सोबत द्या.